आवाराचा धनी : शाळा, कामाची जागा आणि पिस्तूल यांविषयीच्या अमेरिकन निर्णयपत्रांचे परीक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळेच्या आवारात आणि कामाच्या जागी बंदूक-पिस्तूल बाळगण्यासंबंधी १९९० पासून जे कायदे झाले व त्यांवर जी निर्णयपत्रे लिहिली गेली, त्यांची चर्चा बहुधा दोनच अंगांनी होत आली आहे. एक पक्ष मृतांची संख्या पुढे ठेवतो. दुसरा पक्ष घटनादत्त अधिकार पुढे करतो. दोन्ही पक्षांचे म्हणणे गंभीर आहे व त्यांतील कोणतेही थट्टेवारी नेण्याजोगे नाही. तथापि ह्या द्वंद्वात मूळ लिखाणाकडे लिखाण म्हणून पाहण्याचे राहून जाते. कायद्यांची व निर्णयपत्रांची वाक्ये शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर त्यांचा खरा विषय शस्त्र नसून आवार आहे असे दिसून येते. अमुक जागेत ‘येथे हे नको’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? मुख्याध्यापकाचा, कारखानदाराचा, राज्याच्या विधिमंडळाचा, मध्यवर्ती सत्तेचा, की कोणाचाच नाही? त्या साऱ्या लिखाणात ह्याच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे विखुरलेली आहेत. आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. ती का जुळत नाहीत, याचा शोध घेणे हा प्रस्तुत परीक्षणाचा हेतू आहे.

आरंभ लोपेझ खटल्यापासून करणे सोयीचे. १० मार्च १९९२ रोजी टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो येथे बारावीचा एक विद्यार्थी .३८ कॅलिबरचे पिस्तूल व पाच काडतुसे घेऊन शाळेत आला व पकडला गेला. प्रथम त्याच्यावर राज्याच्या कायद्याखाली आरोप ठेवण्यात आला. दुसऱ्याच दिवशी तो मागे घेऊन मध्यवर्ती कायद्याखाली, म्हणजे १९९० च्या शालेय परिसर शस्त्रबंदी कायद्याखाली, खटला भरण्यात आला. शाळेचे आवार व त्याच्या सीमेपासून १,००० फुटांपर्यंतचा भाग यांत जाणूनबुजून बंदूक बाळगणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला होता. २६ एप्रिल १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांचे बहुमताचे निर्णयपत्र सुबोध आहे. अमेरिकन काँग्रेसला आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार आहे. शाळेजवळ पिस्तूल बाळगणे हा व्यापार नव्हे. अनुमानावर अनुमान रचीत गेल्यास मध्यवर्ती सत्तेला कोणतीच सीमा उरणार नाही, असा त्याचा आशय. सत्ताविभागणीचा सिद्धांत म्हणून हे विवेचन मान्य करता येईल. परंतु त्यात शाळा कोठे आहे? ज्या आवारावरून सारा वाद उद्भवला ते आवार निर्णयपत्राच्या तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदानंतर जणू अंतर्धान पावते.

अल्पमताचे न्यायमूर्ती ब्रायर यांचे भिन्नमतपत्र शाळेला पुन्हा रंगमंचावर आणते, परंतु त्यासाठी फार मोठी किंमत मोजते. शाळेत शस्त्रे आली की शिक्षण बिघडते. शिक्षण बिघडले की कामगार अकुशल राहतो. कामगार अकुशल राहिला की उद्योगधंद्यांची हानी होते. सबब शाळेतील पिस्तूल हा व्यापाराचा विषय होतो. ह्या सरणीच्या पुष्ट्यर्थ अहवालांची व ग्रंथांची एक भली मोठी यादी परिशिष्टात जोडलेली आहे. युक्तिवाद चातुर्याचा आहे, त्यातील वस्तुस्थितीही नाकारता येत नाही. पण त्याची मांडणी पाहता, शाळेचे रक्षण करण्यासाठी आधी तिला कारखान्याची पायरी ठरवावी लागली. वर्गातील मूल हे मूल म्हणून रक्षणास पात्र ठरत नाही. भावी कामगार म्हणून ठरते. (जाता जाता नोंदवावे, की खालच्या अपील न्यायालयाच्या नोंदीनुसार ते पिस्तूल दुसऱ्या एकाकडे पोचवण्याबद्दल त्या विद्यार्थ्याला ४० डॉलर मिळावयाचे होते. व्यापार नाही म्हणून जो कायदा पडला, त्याच्या मुळाशी एक लहानसा व्यवहारच होता! सरकारी पक्षाने मात्र त्या मुद्द्यावर भर दिला नाही.)

निकालानंतर काँग्रेसने १९९६ मध्ये तोच कायदा पुन्हा संमत केला. फरक एवढाच, की ते शस्त्र आंतरराज्य व्यापारातून आलेले असावे किंवा त्या व्यापाराशी संबंधित असावे, असे शब्द त्यात घालण्यात आले. अमेरिकेतील बहुतेक बंदुका केव्हा ना केव्हा राज्याची सीमा ओलांडतातच. तेव्हा ह्या शब्दांनी व्यवहारात फारसे काही बदलले नाही. मूळची विसंगती मात्र कायम राहिली. १,००० फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर. दाट वस्तीच्या शहरात प्रत्येक शाळेभोवती एवढ्या अंतराने रेषा काढली, तर रस्त्यांचा फार मोठा भाग तिच्या आत येतो. त्या रेषेच्या आतील स्वतःच्या घरात बंदूक ठेवणे निषिद्ध नाही. ती घेऊन दारासमोरच्या पदपथावर पाऊल टाकले की गुन्हा घडू शकतो. बंदूक रिकामी करून कुलूपबंद पेटीत ठेवली, तर गुन्हा नाही. राज्याने रीतसर चौकशी करून परवाना दिलेला असला, तरीही नाही. आता अर्ध्याहून अधिक राज्यांनी पिस्तूल बाळगण्यासाठी परवान्याची अटच काढून टाकली आहे. त्यामुळे राज्याच्या दृष्टीने निर्दोष असलेला नागरिक, केवळ परवाना काढला नाही म्हणून, शाळेवरून चालत जाताना मध्यवर्ती कायद्याच्या दृष्टीने अपराधी ठरण्याचा संभव उत्पन्न झाला आहे. भूमितीने काढलेली सीमा आणि माणसांनी वापरलेली जागा यांतले हे अंतर आहे. शिवाय ह्या कायद्यातील ‘शाळा’ म्हणजे प्राथमिक व माध्यमिक शाळा. विद्यापीठ तिच्यात येत नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या एका वाक्यावर आजची सारी चर्चा उभी आहे, ते २६ जून २००८ च्या हेलर निर्णयपत्रात आहे. प्रश्न वॉशिंग्टन शहरातील घरात पिस्तूल ठेवण्याचा होता. न्यायमूर्ती स्कालिया यांनी बहुमताच्या वतीने १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा अर्थ लावताना तिच्या सत्तावीस शब्दांचा शब्दशः कीस पाडला. एकेका शब्दासाठी जुने कोश धुंडाळले. व्याकरणाच्या अभ्यासकाला तो भाग आजही वाचनीय वाटेल, मग निष्कर्ष पटो वा न पटो. परंतु घराबाहेरच्या जागांची पाळी आली तेव्हा ही सारी चिकित्सा एकाएकी थांबते. शाळा व सरकारी इमारती यांसारख्या संवेदनशील स्थळी शस्त्र नेण्यास मनाई करणाऱ्या कायद्यांवर ह्या निर्णयाने संशय उत्पन्न होतो असे समजू नये, असे एक नकारार्थी वाक्य येते. आणि एका तळटीपेत असे कायदे सकृद्दर्शनी वैध आहेत एवढेच सांगितले जाते. ‘संवेदनशील’ हे विशेषण कोठून आले? ते कोणाच्या संवेदनेविषयी आहे? ‘यांसारख्या’ म्हणजे कोणत्या साम्याने? सत्तावीस शब्दांसाठी डझनावारी पृष्ठे खर्च करणाऱ्या निर्णयपत्रात ह्या एका शब्दाची व्याख्या नाही. उदाहरणे आहेत, लक्षण नाही. आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर अव्याप्ती व अतिव्याप्ती हे दोष दाखवण्यासाठीसुद्धा आधी लक्षण लागते. येथे तेच नसल्यामुळे दोष दाखवण्याचीही सोय राहिलेली नाही.

ही उणीव न्यायालयाच्या ध्यानात आली नाही असे नव्हे. २३ जून २०२२ च्या ब्रूएन निर्णयपत्रात न्यायमूर्ती थॉमस यांनी तिला इतिहासाचा टेकू देण्याचा प्रयत्न केला. विधिमंडळे, मतदानाची ठिकाणे व न्यायालये येथे जुन्या काळापासून शस्त्रबंदी होती; त्यांच्याशी साधर्म्य असलेली नवी स्थळेही संवेदनशील मानता येतील; मात्र लोक जमतात व पोलीस असतात एवढ्यावरून सारे मॅनहॅटन बेट संवेदनशील ठरवता येणार नाही, असे ते म्हणतात. साधर्म्याचा निकष कोणता, हे मात्र येथेही अनुक्तच राहिले. २०२४ च्या रहिमी निर्णयपत्राने इतिहासातील हुबेहूब जुळा कायदा शोधण्याची गरज नाही, त्यामागील तत्त्व जुळले पाहिजे, असे सांगितले. तत्त्व जुळवायचे तर ते आधी कोणी तरी शब्दांत मांडलेले असावयास हवे.

इतिहासाकडेच वळायचे, तर दोन लेखांकडे अधिक बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. पहिला ४ ऑक्टोबर १८२४ चा. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने त्या दिवशी विद्यार्थ्यांसाठी नियम संमत केले. सभेला टॉमस जेफर्सन व जेम्स मॅडिसन, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक आणि दुसऱ्या घटनादुरुस्तीचा मसुदा सिद्ध करणारा, हे दोघेही हजर होते. विद्यापीठाच्या हद्दीत कोणाही विद्यार्थ्याने मद्य आणू नये, कोणत्याही प्रकारची शस्त्रे वा दारूगोळा बाळगू नये, नोकर, घोडा किंवा कुत्रा ठेवू नये, अशी ती यादी आहे. घोड्याकुत्र्यांच्या पंक्तीला बसवलेले हे शस्त्र पाहून कोणालाही हसू येईल. परंतु त्या पंक्तीतच नियमाचा अर्थ आहे. ही कोणा सार्वभौम सत्तेची आज्ञा नव्हे, ही घरधन्याची शिस्त आहे. आवार ज्याच्या हवाली, त्याला तेथे काय असावे व काय नसावे हे ठरवण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व येथे गृहीत धरलेले आहे. नियम होता म्हणून शस्त्र आले नाही असे मात्र झाले नाही. नोव्हेंबर १८४० मध्ये त्याच विद्यापीठात दंगा करणाऱ्या एका विद्यार्थ्याने कायद्याचे प्राध्यापक जॉन डेव्हिस यांना गोळी घातली व दोन दिवसांनी त्यांना मृत्यू आला.

दुसरा लेख टेक्सासचा, ऑगस्ट १८७० चा. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात, गव्हर्नर एडमंड डेव्हिस यांच्या कारकिर्दीत, राज्यभर हिंसाचार माजलेला असताना झालेला हा कायदा आहे. चर्च, शाळेची खोली, शैक्षणिक, वाङ्मयीन वा शास्त्रीय हेतूने लोक जमलेली कोणतीही जागा, नृत्यगृह, निवडणुकीचे ठिकाण येथे बंदूक, पिस्तूल, सुरा इत्यादी शस्त्र घेऊन जाण्यास त्याने मनाई केली. ह्या वाक्याची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. येथे फुटांचे माप नाही, इमारतीचे नाव नाही. लोक कशासाठी जमले आहेत हे पाहून जागा ठरते. दिवाणखान्यात व्याख्यान चालू असेल तर त्या वेळेपुरता तो दिवाणखाना कायद्याच्या कक्षेत येतो. व्याख्यान संपले की तो पुन्हा दिवाणखाना. एका धुमसत्या सीमाप्रांताच्या विधिमंडळाने, फारशा विद्वत्तेचा आव न आणता, लक्षण सांगितले. शतकाहून अधिक काळाने सर्वोच्च न्यायालयाने नुसती उदाहरणे दिली. त्या काळातील दक्षिणेच्या शस्त्रविषयक कायद्यांना एक काळी बाजूही आहे. युद्ध संपताच कित्येक राज्यांनी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना निःशस्त्र करण्यासाठीच नियम केले होते, आणि इतिहासाचा दाखला घेणाऱ्याने तो निवडून घेता कामा नये. परंतु १८७० च्या ह्या विशिष्ट वाक्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

आता कामाच्या जागेकडे. २००२ साली ओक्लाहोमा राज्यातील व्हॅलियंट गावच्या कागद कारखान्यात वाहनतळावरील मोटारींची झडती झाली आणि मोटारीत बंदुका सापडल्यामुळे काही कामगारांना काम गमवावे लागले. त्या भागात मोटारीत शिकारीची बंदूक असणे ही नवलाची गोष्ट नव्हे. संतापाची लाट उसळली, आणि २००४ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्याचे वाक्य असे चालते : कोणाही मालकाला, भाडेकरूला वा धंदेवाल्याला असा नियम करता येणार नाही, की ज्यामुळे शिक्षा झालेल्या गुन्हेगाराखेरीज अन्य कोणास मोटारींसाठी राखलेल्या जागेत कुलूपबंद मोटारीमध्ये बंदूक ठेवण्यास बंदी होईल. बाह्यतः हा कामगाराच्या हक्काचा कायदा आहे. पण वाक्याचा कर्ता मालक आहे. कामगार त्यात जेमतेम ‘अन्य कोणी’ म्हणून येतो. कायदा कामगाराला काही देत नाही, मालकाकडून काढून घेतो. काय काढून घेतो? शस्त्र नव्हे, मोटार नव्हे, तर ‘नको’ म्हणण्याची शक्ती. कारखान्याच्या दाराच्या आत ती शिल्लक आहे. दाराबाहेर, त्याच मालकाच्या जमिनीवर, ती नाही.

मालकवर्गाने ह्याला न्यायालयात आव्हान दिले. त्यांची बाजू दोन आधारांवर उभी होती. एक, १९७० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य कायद्याने मालकावर ज्ञात धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवण्याचे सर्वसाधारण कर्तव्य घातले आहे. धोका दूर करण्याचे कर्तव्य त्याच्यावर आणि तो दूर करण्यास मनाई राज्याची, हे एकत्र नांदू शकत नाही. दुसरा, आपल्या जमिनीवर नको ती वस्तू येऊ देण्याची सक्ती म्हणजे मोबदल्यावाचून मालमत्तेचे संपादन. ऑक्टोबर २००७ मध्ये जिल्हा न्यायालयाने पहिला आधार मान्य केला. फेब्रुवारी २००९ मध्ये दहाव्या मंडल न्यायालयाने दोन्ही फेटाळले. मध्यवर्ती सुरक्षा खात्याने बंदुकांविषयी विशिष्ट नियम केलेला नाही, तसा करण्याची विनंतीही त्याने मानली नाही, तेव्हा विरोध निर्माण होत नाही असे त्याने म्हटले. येथील तर्कात एक पोकळी आहे. सर्वसाधारण कर्तव्याचे कलम असते ते जेथे विशिष्ट नियम नाही त्या जागांसाठीच. विशिष्ट नियम नाही म्हणून सर्वसाधारण कर्तव्यही नाही, असे मानले तर ते कलम लिहिण्याचे प्रयोजनच उरत नाही.

मालमत्तेच्या मुद्द्यावर त्या न्यायालयाने जुन्या निर्णयांचा आधार घेतला व हे कायमचे भौतिक आक्रमण नव्हे असे ठरवले. २००९ साली ते विवेचन टिकाऊ वाटले असेल. पण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीडर पॉइंट खटल्यात कॅलिफोर्नियाचा एक नियम संपादनासमान ठरवला. शेतमजुरांच्या संघटकांना वर्षातील १२० दिवस, दिवसाला तीन तासांपर्यंत मळ्यात येऊ द्यावे, असा तो नियम होता. परक्याला बाहेर ठेवण्याचा हक्क हा मालकीचा गाभा आहे, असे त्यात सांगितले आहे. दोन्ही निर्णय एकत्र ठेवले की चित्र असे दिसते : मळ्याचा मालक संघटनेच्या कार्यकर्त्याला फाटकाशी अडवू शकतो, कारखान्याचा मालक फाटकाच्या आतील मोटारीतल्या बंदुकीला अडवू शकत नाही. ह्यावर उत्तर आहे, व ते टाकाऊ नाही. कामगाराला मालकानेच आत बोलावले आहे. प्रश्न परक्या माणसाचा नसून आमंत्रिताच्या सामानाचा आहे. पण मग आमंत्रण देणाऱ्याने आमंत्रणाच्या अटी का ठरवू नयेत, ह्या प्रश्नापाशी विवेचन पुन्हा येऊन ठेपते.

फ्लॉरिडाच्या २००८ च्या कायद्याचा विशेष त्याच्या अपवादांत आहे. वाहनतळावरील बंदुकीला संरक्षण देताना शाळेचे आवार, तुरुंग, अणुवीज केंद्र, संरक्षण व अंतराळविषयक कामे, स्फोटके व ज्वालाग्राही पदार्थ यांच्या जागा वगळल्या आहेत. विधिमंडळाने कोणत्या जागांना धोका मानले, याची ही प्रांजळ कबुलीच आहे. ऑर्लँडो येथील डिस्नेच्या क्रीडानगरीने, शोभेच्या दारूकामासाठी स्फोटकांचा परवाना आपल्यापाशी आहे म्हणून आपण ह्या अपवादात बसतो, असा पवित्रा घेतला. मुलांच्या करमणुकीचे स्थळ मुलांमुळे नव्हे, तर बाणफटाक्यांमुळे अपवादास पात्र ठरावे, ह्यात जी विसंगती आहे तिच्यावर वेगळे भाष्य नको. आणि ‘शाळेचे आवार’ ह्या अपवादाचा लाभ विद्यापीठाला मिळू शकला नाही : डिसेंबर २०१३ मध्ये तेथील अपील न्यायालयाने नॉर्थ फ्लॉरिडा विद्यापीठाविरुद्ध निकाल देऊन, विद्यार्थ्याच्या कुलूपबंद मोटारीतील बंदुकीस बंदी करण्याचा अधिकार विद्यापीठाला नाही असे सांगितले.

शाळा हीदेखील कोणाची तरी कामाची जागा असते, ही साधी गोष्ट ह्या साऱ्या लिखाणात ओहायोखेरीज क्वचितच प्रकट होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये ठरवले, की शिक्षकाला शाळेत शस्त्र बाळगू द्यायचे तर त्याचे शांतता-अधिकाऱ्याचे प्रशिक्षण (सुमारे ७२८ तास) किंवा वीस वर्षांचा तशा नोकरीचा अनुभव असला पाहिजे. वर्षभरातच, जून २०२२ मध्ये, टेक्सासमधील युव्हाल्डी येथे १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्यानंतर काही आठवड्यांत, विधिमंडळाने ही अट खाली आणून जास्तीत जास्त २४ तासांवर ठेवली. कोणत्या शाळेने शिक्षकाला शस्त्र द्यावे हे ठरवणे मात्र स्थानिक शाळामंडळाच्या हाती राहिले. म्हणजे ‘हो’ म्हणण्याचा अधिकार आवाराला आहे. कारखान्याला ‘नको’ म्हणता येत नाही आणि शाळेला ‘हो’ म्हणता येते. दोन्हींकडे स्थानिक धन्याची इच्छा विचारात घेतली जाते वा टाकली जाते ती शस्त्राला अनुकूल कोणती, यावरून.

मराठी वाचकाला ह्या वादाचा मूळ स्वरच परका वाटण्याचा संभव आहे. कारण भारतात आरंभ परवान्यापासून होतो. परंतु येथेही हा प्रश्न एकदा दारापर्यंत आला होता. १८७८ च्या शस्त्रकायद्याविषयी राष्ट्रीय सभेची तक्रार जुनी होती, आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा असे म्हटलेले होते. त्याच आधारावर हरि विष्णू कामत यांनी १९४८ साली घटनासमितीत दुरुस्ती मांडली. प्रत्येकाला बाजारात जाऊन आक्रमणाची साधने विनाअडथळा विकत घेता येऊ लागली तर राज्यकारभार कसा चालावा, अशा आशयाचे उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिले व ती दुरुस्ती फेटाळली गेली. परिणामी भारतीय घटनेच्या मूलभूत हक्कांत शस्त्राचा उल्लेख येतो तो एकोणिसाव्या अनुच्छेदात, आणि तोही नकाराने : शांततेने व शस्त्रांवाचून एकत्र जमण्याचा हक्क. येथे शस्त्राचा विचार मालकीच्या अंगाने झालेला नाही, जमावाच्या अंगाने झालेला आहे. १८७० च्या टेक्सासच्या वाक्याशी ह्याचे नाते अधिक जवळचे आहे, हेलरशी नव्हे.

धन्याने नकार द्यायचा तर कोणत्या शब्दांत, हाही वादाचा विषय झालेला आहे. टेक्सासच्या दंडसंहितेनुसार परवानाधारकाला पिस्तुलासह प्रवेश नाकारणारी पाटी इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, ठरलेल्या मजकुराची, आणि निदान एक इंच उंचीच्या ठळक अक्षरांत असावी लागते. अक्षरे लहान पडली तर नकारही लहान पडतो. हवाईने २०२३ मध्ये उलट वाट धरली : लोकांसाठी खुल्या असलेल्या खासगी जागेत मालकाने स्पष्ट संमती दिल्यावाचून शस्त्र नेता येणार नाही. टेक्सासमध्ये मालकाचे मौन म्हणजे होकार. हवाईत मौन म्हणजे नकार. सप्टेंबर २०२४ मध्ये नवव्या मंडल न्यायालयाने हवाईचा नियम मुख्यतः उचलून धरला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा वाद विचारार्थ दाखल करून घेतला. त्याचेही नाव योगायोगाने लोपेझ खटलाच आहे. पहिल्या खटल्यातील लोपेझ हा शाळेत पिस्तूल आणणारा विद्यार्थी होता. दुसऱ्यातील लोपेझ ह्या हवाईच्या महाधिवक्त्या आहेत.

ह्या सर्व वाक्यांची कसोटी लागते ती विद्यापीठात. शाळेप्रमाणे येथे मुले नाहीत, म्हणून शालेय कायदे लागू नाहीत. कारखान्याप्रमाणे येथे खासगी मालक नाही, म्हणून मालकीचा युक्तिवादही लागू नाही. यूटाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये राज्याच्या विद्यापीठाला शस्त्रबंदीचा स्वतंत्र अधिकार नाही असे सांगितले होते. टेक्सासने २०१५ मध्ये कायदा करून परवानाधारकांना सरकारी विद्यापीठांच्या इमारतींत झाकलेले पिस्तूल नेण्याची मुभा दिली. खासगी विद्यापीठांना मात्र ती नाकारण्याची सूट ठेवली. कायदा १ ऑगस्ट २०१६ रोजी अमलात आला. १ ऑगस्ट १९६६ रोजी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून जो गोळीबार झाला, त्याला त्याच दिवशी पन्नास वर्षे पूर्ण झाली.

ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिकांनी ह्या कायद्याविरुद्ध दाद मागितली. त्यांचा मुख्य मुद्दा प्राणभयाचा नव्हता. वर्गात कडाक्याचा मतभेद होईल असे विषय शिकवताना, समोरच्या एखाद्या दप्तरात पिस्तूल असेल ह्या जाणिवेने चर्चा आखडते, शिक्षकाची जीभ अडखळते, असे त्यांचे म्हणणे होते. ऑगस्ट २०१८ मध्ये पाचव्या मंडल न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. अपाय होईलच अशी निश्चिती नाही. तो झाला तरी त्रयस्थाच्या स्वतंत्र कृतीने होईल. तेव्हा आखडलेली जीभ ही त्यांची स्वतःचीच करणी आहे, असा त्या विवेचनाचा सारांश. भावी हानीचा पुरावा मागणाऱ्या पूर्वनिर्णयांच्या चौकटीत ते सुसंगत आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्या चौकटीत वर्ग ही एक जागा म्हणून दिसतच नाही. व्याख्यानात जे घडते ते त्रयस्थाच्या कृतीने नव्हे, तर ऐकणाऱ्यांच्या उपस्थितीनेच घडत असते; आणि शैक्षणिक, वाङ्मयीन वा शास्त्रीय हेतूने जमलेल्या लोकांविषयी त्याच राज्याने १८७० मध्ये जे लिहिले होते, त्याच्या शब्दांत हा वर्ग तंतोतंत बसतो.

विद्यापीठांच्या प्रमुखांना सर्वसाधारण बंदी घालता येत नाही. काही जागांपुरते वाजवी नियम मात्र करता येतात. ऑस्टिनच्या विद्यापीठाने असे जे नियम केले, त्यांत अतिशय धोकादायक रसायने वा स्फोटक द्रव्ये असलेल्या प्रयोगशाळा वगळल्या. तेथे गोळी सुटली तर अनर्थ होईल म्हणून. ज्या खोलीत गोळी सुटण्यापूर्वीच काही तरी बिघडते, तिची तरतूद त्यांत नाही. एकट्याच्या नावे असलेल्या कचेरीपुरती मात्र प्राध्यापकाला स्वतःच्या इच्छेने मनाई करता येते. ती त्याने येणाऱ्याला तोंडी सांगावयाची असते. दोन प्राध्यापकांत मिळून एक खोली असेल तर ही सोय नाही, आणि तास सुरू होऊन तोच प्राध्यापक वर्गात उभा राहिला तरी नाही.